कदमांची तलवार आणि बाळगोंडा आण्णा

१९७४ सालचा मार्च महिना. आमच्या नगरपालिकेच्या सभेत ‘साहेबाचा बंगला’ पाडण्याचा विषय निघाला होता. कंत्राटदाराने सागवान, कौलं आणि घडीव दगड मिळून सात हजार दोनशे रुपयांची बोली लावली होती. हजर होते नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, अकरा सदस्य, घरपट्टीची तक्रार घेऊन आलेला मी, आणि ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं असे बाळगोंडा आण्णा. बोली वाचून झाली तसे आण्णा मागच्या बाकावरून उठले आणि म्हणाले, “पाडला. मग? पुढं काय?”

नगराध्यक्ष म्हणाले, “पुढं दुकानगाळे.”

“गाळे बांधले. मग?”

“मग भाडं येईल, आण्णा.”

“आलं भाडं. मग पुढं? गावात ह्यो एकच दगडाचा बंगला हाय. परत बांधायचा झाला तर सायेब आणायचा कुठनं?”

लोक हसले. पण आण्णा विनोद करत नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम होता.

आष्ट्याहून आमच्या गावाला बसने अर्धा तास लागतो. त्या बाजूला हळद आणि गुळाचा व्यापार करणारी जैन घरं बरीच आहेत. आण्णा त्यांपैकी एक. दुकान बंगल्याच्या अगदी समोर. बंगला इंग्रजी अमलात कालव्याच्या इंजिनिअरसाठी बांधला होता. काळ्या दगडाचं जोतं, सागवानी खांबांचा व्हरांडा, आणि नोकराने ओढायच्या कापडी पंख्याची दोरी बाहेर घेण्यासाठी भिंतीत ठेवलेलं भोक. स्वातंत्र्यानंतर तिथे धान्याचं कोठार झालं, मग काही वर्षं शाळा भरली, मग घुबडं राहिली. “बांधला सायबानं,” आण्णा म्हणायचे, “पण दगड आपल्या वडारानं फोडला आणि लाकूड आपल्या बैलांनी वाहिलं. सायेब नुसता राहून गेला.” आणि मग हळू आवाजात, “मी जन्मल्यापासनं सकाळी दार उघडलं की ही कौलं दिसत्यात ओ. उद्या दार उघडलं आणि न्हाई दिसली तर?”

‘न्हाई दिसली तर’ हेच त्यांचं जगणं होतं. पाऊस लांबला तर, पाऊस जास्त झाला तर, गुळाचा भाव पडला तर, चढला तर. मला वाटायचं, एवढी भीती बाळगणारा माणूस व्यापार कसा करतो? एकदा विचारलं तर म्हणाले, “भ्या हाय म्हणून तर करतोय. ज्याला भ्या न्हाई, त्यो दार उघडं टाकून झोपतोय.”

त्या सभेत त्यांनी मुदत मागून घेतली. बंगल्यात गावचं वस्तुसंग्रहालय करायचं, १९७५ संपेपर्यंत त्याला सरकारी मान्यता आणायची. नाही आणली तर बंगला पाडायचा. समिती लागत होती, तिला खजिनदार लागत होता. आण्णांनी माझ्याकडे बोट केलं. मी पतपेढीत हिशेबनीस आहे आणि घरपट्टीतल्या साडेतीन रुपयांच्या चुकीसाठी सभेला येऊन बसलो आहे, हे त्यांनी हेरलं होतं. “साडेतीन रुपयांसाठी इथवर आलेला माणूस माझ्या कामाचा,” ते म्हणाले. मला नाही म्हणता आलं नाही.

बंगल्याच्या मागच्या भिंतीला कोयनेच्या भूकंपात एक भेग पडली होती. आण्णांनी तिच्यावर खळीने कागदाच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या. भेग रुंदावली की पट्टी फाटणार, म्हणजे कळणार. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते पट्ट्या बघायला जायचे. एका सकाळी धावत माझ्या घरी आले. मी दाढी करत होतो.

“खजिनदार, पट्टी फाटली!”

मी अर्ध्या दाढीने गेलो. पट्टी फाटली होती खरी, पण कडेने कुरतडलेली. खळीला झुरळं लागली होती. मी दाखवलं. आण्णांनी छातीवरचा हात काढला नाही. “आज झुरळ हाय,” ते म्हणाले, “उद्या भूकंप असंल. पट्टी ती पट्टीच.”

वस्तू गोळा करायला ते दारोदार हिंडले. लोकांनी जुनी मापं दिली, मोटेची चाकं दिली, पहिल्या महायुद्धातली पदकं दिली. आमच्याकडे घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळे पदकं भरपूर. पण हत्यारं कोणी देईना. कारण खरं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातल्या हत्याराची पूजा असते. त्या दिवशी ते पाटावर मांडायचं, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन होईपर्यंत पाटावरून हलवायचं नाही. एका म्हातारीने आण्णांना तोंडावर विचारलं, “तलवार तुमास्नी देऊ आन् नवमीला काय पुजू? लाटणं?”

तेव्हा आण्णांनी शब्द दिला. प्रत्येक घरात जाऊन, एकच. “खंडेनवमीला तुमची वस्तू तुमच्या पाटावर असंल. दसऱ्याच्या सांजंला परत आणून द्यायची.”

त्या शब्दावर चौदा हत्यारं आली. त्यांत कदमांची तलवार होती.

कदमांच्या दोन पाती, म्हणजे एकाच भावकीच्या दोन शाखा. थोरल्या पातीचे प्रमुख तात्या, धाकट्या पातीचे बापू. दोघेही नगरपालिकेचे सदस्य. एकाने हात वर केला की दुसऱ्याने खाली ठेवायचा, असं ठरल्यासारखं. तलवार एक, घरं दोन. एका वर्षी थोरल्यांची पाळी, पुढच्या वर्षी धाकट्यांची. पण पाळी संपली की ज्याच्या घरी तलवार असेल तो देण्यात दिरंगाई करायचा. एका दसऱ्याला डोकी फुटली आणि तलवार काही महिने पोलीस ठाण्यात राहिली. म्हणून आण्णा मागायला गेले तेव्हा दोघांनीही दिली. तात्या म्हणाले, “जैनाच्या दारात कोंबडं ठेवल्यागत हाय. कापणार न्हाई, खाणार न्हाई.”

आण्णांनी ती तलवार घरून आणलेल्या धुतल्या पंच्यात गुंडाळून नेली. पात्याला त्यांनी कधी हात लावला नाही. हत्याराची भीती होती की धर्माचा संकोच, हे मी विचारलं नाही. बहुधा दोन्ही.

पहिल्या वर्षीची खंडेनवमी नीट पार पडली. दसऱ्याच्या संध्याकाळी सगळं परत आलं. आण्णांचा त्या दोन दिवसांत चेहरा उतरून गेला. सूर्यास्तानंतर ते जेवत नसत. वस्तू मोजून घेता घेता सूर्य गेला आणि ते उपाशी झोपले.

दुसऱ्या वर्षी संकट आलं. मान्यतेच्या तपासणीसाठी येणाऱ्या सरकारी साहेबांचं पत्र आलं, आणि त्यात तारीख होती ती नेमकी खंडेनवमीची. आम्ही पंचांग दोनदा पाहिलं. आण्णा पंचांगाकडे बघत म्हणाले, “ह्यात चूक असंल का ओ?” पंचांगात चूक नव्हती.

मी रजा टाकून साताऱ्याला गेलो. साहेब विश्रामगृहात उतरले होते. माणूस सभ्य होता, पण ते आणीबाणीचं वर्ष. अधिकारी ठरल्या वेळेला ठरल्या जागी जात. ते म्हणाले, “साताऱ्यानंतर तुम्ही, तुमच्यानंतर सांगली. दौरा बदलला तर थेट मार्चनंतर.” डिसेंबरअखेर आमची मुदत संपत होती. मी कऱ्हाडमार्गे परत येताना बसमध्ये बसून एकच हिशेब करत होतो: हत्यारं दिली तर मुख्य दालन रिकामं, दालन रिकामं तर मान्यता नाही, मान्यता नाही तर बंगला नाही.

आल्या आल्या आण्णांना सांगितलं, “यंदा हत्यारं द्यायची नाहीत. लोकांना समजावू. एक वर्षाचा प्रश्न आहे.”

ते गुळाच्या ढेपांवर हात ठेवून उभे होते. मग म्हणाले, “शब्द देताना मी ‘साहेब येणार नसंल तर’ असं म्हटलं नव्हतं.”

“बंगला जाईल, आण्णा.”

“मला काय कळत न्हाई व्हय? रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई माझ्या. पण बंगला राहिला आणि शब्द गेला, मग? पुढच्या वर्षी वस्तू कोण देतंय?”

आक्काताई, त्यांच्या पत्नी, आतून ओरडल्या, “खजिनदार, ह्यास्नी समजावू नका. ह्ये भित्यात, पण ऐकत न्हाईत!”

अष्टमीला हत्यारं घरोघर गेली. तेरा. चौदावं राहिलं, कारण आदल्याच दिवशी बापूंच्या सुनेला मुलगा झाला. भावकी एक, त्यामुळे सोयर दोन्ही पातींना. दहा दिवस कोणीही पूजा करायची नाही. अशा वेळी भावकीबाहेरच्या माणसाकडून पूजा करून घेतात. पण बाहेरचा म्हणजे कोण? गावात निम्मे लोक थोरल्यांचे सोयरे, निम्मे धाकट्यांचे. माझी बहीण थोरल्या पातीत दिलेली, मी बाद. गुरवाचं घर धाकट्यांच्या बाजूचं, तो बाद. शेवटी तात्या आणि बापू दोन वेगळ्या रस्त्यांनी आण्णांच्या दुकानात आले आणि एकच बोलले, “आण्णा, तुमी करा.”

आण्णांनी हातातली गुळाची ढेप खाली ठेवली. “मी? हत्याराची पूजा? आमच्यात काय म्हणत्याल?”

“तुमी तराजू पुजता का न्हाई नवमीला?” बापूंनी विचारलं.

“पुजतो की.”

“मग त्येच्या शेजारी ठेवा.”

आण्णांनी विचार करायला एक रात्र घेतली. सकाळी अटी सांगितल्या. पूजा बंगल्यातच होईल, कोणाच्या घरी नाही. बकरं नाही. कोहळाही कापणार नाही. नारळ.

“नारळावर भागवायचं?” तात्या म्हणाले. “तलवार रुसंल.”

“रुसू दे. पुढच्या वर्षी तुमी समजूत काढा.”

खंडेनवमीच्या सकाळी दहाला साहेबांची जीप आली. मी फाटकापाशी उभा होतो. साहेबांना मुख्य दालनात दिसलं ते असं: भिंतींना लागून काचेच्या रिकाम्या पेट्या. मधोमध पाट, त्यावर कदमांची तलवार, शेजारी गूळ तोलायचा लोखंडी तराजू, दोन्हींना झेंडूची माळ. समोर सोवळ्याचं धोतर नेसलेले आण्णा. आणि खाली अंगणात, जोत्याला शिवायचं नाही म्हणून, पायवाटेच्या एका बाजूला थोरली पाती आणि दुसऱ्या बाजूला धाकटी.

“आण्णा, कुंकू आधी मुठीला,” तात्या अंगणातून म्हणाले.

“मुठीला न्हाई, पात्याला,” बापू म्हणाले.

“दोन्हीकडं एकदम लावतो,” आण्णा म्हणाले, आणि दोन बोटांनी लावलं. पात्याला त्यांचं बोट लागलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

साहेब दारातच थांबले होते. “हे संग्रहालय आहे की देऊळ?”

“आज दोनी हाय, साहेब.”

“आणि या पेट्यांतल्या वस्तू?”

“सणाला माहेरी गेल्यात. उद्या सांजंला येत्यात.”

“नाही आल्या तर?”

आयुष्यभर आण्णा जो प्रश्न दुसऱ्यांना विचारत आले, तो कोणी त्यांना विचारत होतं. “तेच भ्या मलाबी हाय,” ते म्हणाले. “गेल्या वर्षीबी होतं.”

साहेबांनी भिंती पाहिल्या, भेगेवरच्या पट्ट्या पाहिल्या, पंख्याच्या दोरीचं भोक पाहिलं. जाताना म्हणाले, “उद्या संध्याकाळी सांगलीहून परतताना थांबतो. सगळं जागेवर दिसलं पाहिजे.”

दसऱ्याच्या दिवशी चार वाजल्यापासून आम्ही व्हरांड्यात बसलो. सीमोल्लंघन झालं, गावात सोनं वाटणं सुरू झालं. वस्तू येऊ लागल्या. कोणी कट्यार कमरेला खोवून आणली, कोणी तलवारीसोबत आपट्याची पानं आणि मुठीत साखर. आक्काताईंनी जेवणाचा डबा पाठवला. आण्णांनी तो उघडला नाही. प्रत्येक वस्तू पेटीत गेली की ते दाराकडे बघायचे. सूर्य कलला. आता ते उपाशीच राहणार हे मला कळलं.

जीप आली तेव्हा एक पेटी रिकामी होती. लांब भाल्याची. भाला गावातल्या एका म्हाताऱ्या निवृत्त सुभेदारांच्या घरचा.

“हा कुठे आहे?” साहेबांनी विचारलं.

मी कंदील पेटवायच्या निमित्ताने पाठ फिरवली. तेवढ्यात फाटकातून सुभेदार आले, खांद्यावर भाला, टोकाला झेंडू. “काय करू,” ते म्हणाले, “भाला बघून जो तो सोनं द्यायला थांबवतोय. अख्ख्या पेठेकडनं पाया पडून घेत आलो.”

साहेब हसले. मीही हसलो. मला वाटलं, जिंकलो. साहेबांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. “छान आहे. मी अनुकूल लिहितो. फक्त याच्यावर सही करा, की यापुढे कोणतीही वस्तू इमारतीबाहेर जाणार नाही. त्याशिवाय मान्यता देता येत नाही. तुम्हीच सांगा, कसं देणार?”

साहेबांचं चूक नव्हतं. मी त्यांच्या जागी असतो तर हाच कागद पुढे केला असता. मी पेन उघडून आण्णांच्या हातात दिलं.

आण्णांनी पेनाला टोपण लावून परत दिलं. “साहेब, आज ह्यांनी आणून दिलं. उद्या ह्यांना काय सांगू? तुमी शब्द पाळला म्हणून तुमची वस्तू आता कायमची गेली?”

साहेबांनी कागद घडी करून ठेवला, आण्णांना नमस्कार केला आणि ते गेले. मान्यता आली नाही. मी चार दिवस आण्णांच्या दुकानावरून गेलो नाही. लांबच्या वाटेने जायचो. साखर संपली तरी गेलो नाही.

डिसेंबरात नगरपालिकेची सभा झाली. कंत्राटदाराने बोली आठ हजारांवर नेली होती. आण्णा मागच्या बाकावर, मी त्यांच्या शेजारी. नगराध्यक्ष म्हणाले, “मान्यता न्हाई. आता बोलण्यासारखं काही उरलं न्हाई. पाडायच्या विरोधात कोण?”

बापूंनी हात वर केला. सगळ्यांची नजर सवयीने तात्यांकडे गेली. तात्यांनीही हात वर केला.

नगराध्यक्षांना वाटलं, तात्यांची ऐकण्यात चूक झाली. “तात्या, विरोधात म्हंजे पाडायचं न्हाई.”

“कळतंय मला. पाडलं तर तलवार कुठं ठेवायची? ह्यांच्या घरी?”

“आन् ह्यांच्या घरी तर मुळीच न्हाई,” बापू म्हणाले.

दोघांच्या मागे त्यांचे त्यांचे सदस्य असायचे. ते पहिल्यांदाच एका बाजूला आले आणि बोली बारगळली. बंगला राहिला. सरकारने राखला नाही, इतिहासाच्या प्रेमाने राखला असंही मी म्हणणार नाही. दोन घरांचं पटत नव्हतं, म्हणून राहिला.

बाहेर आल्यावर मी आण्णांचा हात धरला. मला वाटलं, आज तरी हा माणूस मोकळा हसेल. ते चपला शोधत होते.

“खजिनदार, दोघांनी हात एकदम वर केला. बघितलासा?”

“बघितलं की. त्यामुळेच वाचलो.”

“व्हय. पण ह्यांचं असंच पटत गेलं तर? मग तलवार घरी नेत्याल की ओ. पुढं काय?”

देवाच्या कृपेने त्यांचं पटलं नाही. पुढची वर्षं आण्णा वेगळ्याच काळजीत राहिले. तात्या आणि बापू एकाच मांडवात जेवले असं कळलं की ते अस्वस्थ व्हायचे. बांधावरून बोलाचाली झाली असं कळलं की दोघांची समजूत काढायला जायचे, पण फार जोर लावायचे नाहीत.

१९७८च्या पावसाळ्यात त्यांचं हृदय थकलं. सांगलीच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो. मला बघताच उठायला लागले. मी म्हटलं, भिंत ठीक आहे, छप्पर ठीक आहे, पट्ट्या शाबूत आहेत. ते म्हणाले, “यंदा पाळी थोरल्यांची. धाकट्यांच्या हातात देऊ नका, मागतील.” पुन्हा उशीवर टेकत, “आणि मी न्हाई राहिलो, मग?”

मी म्हटलं, “बघू.” एवढ्या काळजीच्या माणसाला मी ‘बघू’ म्हटलं. आठवड्याने ते गेले. अंत्ययात्रेला तात्यांनी पुढून खांदा दिला, बापूंनी मागून, आणि वाटेत बदलले, कारण कोणी किती पावलं पुढे राहायचं याच्यावरून कुजबूज सुरू झाली होती. आण्णांना ते आवडलं असतं.

किल्ली कोणाकडे, हा प्रश्न नवमीच्या आधी सुटायला हवा होता. मी तात्यांचा सोयरा, म्हणून बापूंना चालेना. शेवटी दोघे आक्काताईंकडे गेले. मीही बरोबर होतो. आक्काताई दुकानात आण्णांच्या जागेवर बसून हळद तोलत होत्या.

“वहिनी,” तात्या म्हणाले, “आण्णांनी एवढी वर्षं सेवा केली. आता तुमी...”

“किती देणार?” आक्काताईंनी विचारलं.

बापू म्हणाले, “आण्णा तर कधी काय घेत नव्हते.”

“त्यांनी भ्या फुकट केलं,” आक्काताई म्हणाल्या. “माझं भ्या फुकट मिळणार न्हाई. महिना पस्तीस. आणि जेवायच्या वेळंला मी घरी जाणार. सूर्य बुडायच्या आत.”

नगरपालिकेने पैसे द्यायला नकार दिला. मग ते कदमांनी द्यायचे ठरले, आणि एकाने दुसऱ्यापेक्षा एक पैसाही कमी देऊ नये, असं दोघांनीही बजावलं. पहिल्या महिन्याचे पैसे माझ्या हातून गेले. तात्यांकडून साडेसतरा रुपये, बापूंकडून साडेसतरा रुपये, एकूण पस्तीस; दिले आक्काताई बाळगोंडा पाटील यांना, आणि त्यांनी ते माझ्यासमोर दोनदा मोजून घेतले.